मेरी क्युरींनी एक्स-रे मशीन गाडीत बसवलं, पण खरी अडचण एक्स-रे वाचण्याची होती

मेरी क्युरी म्हटलं की रेडियम आणि दोन नोबेल आठवतात. त्या एक्स-रेची गाडी घेऊन पहिल्या महायुद्धात फिरल्या, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

जन्म १८६७ चा, वॉर्सॉमधला. तिथल्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून १८९१ मध्ये त्या पॅरिसला आल्या. १९०३ मध्ये फिजिक्सचं नोबेल, १९०६ मध्ये पती पिएर यांचा घोडागाडीखाली मृत्यू, १९११ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते.

१९१४ मध्ये युद्ध पेटलं. जखमी सैनिकांच्या अंगात गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे रुतलेले असायचे आणि आघाडीजवळ एक्स-रे मशीन जवळपास नव्हतीच. क्युरींनी मशीन थेट गाडीत बसवलं. विजेसाठी गाडीच्याच इंजिनावर चालणारा डायनामो. अशा सुमारे २० गाड्या तयार झाल्या, शिवाय २०० च्या आसपास कायमची केंद्रं. या गाड्यांना नाव पडलं ‘छोट्या क्युरी’. १९१६ मध्ये मॅडमनी स्वतः ड्रायव्हिंग लायसन्सही काढलं.

मशीन पोहोचलं, पण त्यातून दिसतं ते वाचायचं कसं?

एक्स-रे म्हणजे सावली. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर काळा ठिपका दिसला, म्हणजे अंगात धातू आहे एवढं कळलं. पण तो कातडीखाली बोटभर आहे की पार हाडामागे, हे सपाट चित्रात कळणार कसं? अंदाजानं चिरलं तर भलतीच नस कापली जायची.

उत्तर भूमितीत होतं. अंगठा नाकासमोर धरा आणि एकेक डोळा मिटून बघा. समोरच्या भिंतीवर अंगठा उडी मारताना दिसतो. हात लांब केला की उडी छोटी होते. तसंच एक्स-रेची ट्यूब थोडी सरकवायची आणि सावली किती सरकली ते मोजायचं. त्यावरून तुकडा किती खोल आहे याचा हिशोब निघतो.

सगळ्या डॉक्टरांना हे पटत नव्हतं. क्युरींची मुलगी इरेन युद्ध सुरू झालं तेव्हा जेमतेम १६ वर्षांची होती. पुढे बेल्जियममध्ये एका लष्करी डॉक्टरनं तिचा हिशोब धुडकावला आणि जखमेतूनच तुकडा शोधत बसला. सापडेना. शेवटी पोरीनं सांगितलेल्या बाजूनं शिरला, तेव्हा तुकडा लगेच हाती आला.

मग क्युरींनी पॅरिसमध्ये वर्गच सुरू केले. वीज, शरीररचना आणि एक्स-रे शिकून सुमारे १५० बायका तयार झाल्या.

४ जुलै १९३४ रोजी क्युरी गेल्या, रक्ताच्या आजारानं. दोष रेडियमला दिला गेला. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पँथिऑनमध्ये हलवताना तपासणी झाली आणि रेडियमचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी निघालं. तेव्हा फ्रेंच तज्ज्ञांचा संशय वळला तो युद्धातल्या त्या एक्स-रेंकडे.