डिग्री घेतली आणि थेट वर्कशॉपमध्ये गेला!

राहू बेटात राहत असाल, तर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलेली तुमची एसटी तुम्हाला पाठ असेल. ऊस कारखान्यात जातो आणि साखर बाहेर येते, हे आपल्याला माहीत असतं. पण उरलेलं बगॅस बॉयलरमध्ये जळतं, त्या वाफेवर टर्बाइन फिरतं आणि त्यातून वीज तयार होते, तिकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. गळीत हंगाम संपला की तेच टर्बाइन उघडतात. पाती तपासतात, बेअरिंग बघतात, शाफ्ट सरळ आहे का ते मोजतात. ही सगळी कामं ज्याच्यामुळे जन्माला आली, त्या माणसाची ही गोष्ट. त्याचं नाव चार्ल्स पार्सन्स.

जन्म १३ जून १८५४, लंडनचा. पण बालपण गेलं आयर्लंडमधल्या बर इथल्या गढीत. वडील मोठे उमराव, अर्ल ऑफ रॉस. मात्र हा उमराव शिकारीपेक्षा भट्टीजवळ जास्त रमायचा. त्या काळातली जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण त्यांनी स्वतःच्या अंगणात बनवली होती. चार्ल्स शाळेत गेलाच नाही. घरी मास्तर यायचे आणि उरलेला वेळ वडिलांच्या वर्कशॉपमध्ये जायचा. तो तेरा वर्षांचा असताना वडील गेले. हत्यारं हाताळायची सवय मात्र राहिली.

पुढे डब्लिन आणि मग केंब्रिज. १८७७ मध्ये गणितात तो वरच्या नंबरात पास झाला. आता अशा पोराने काय करावं? प्राध्यापकी, नाहीतर घरची इस्टेट. याने न्यूकॅसलजवळ आर्मस्ट्राँग यांच्या एल्सविक कारखान्यात अप्रेंटिस म्हणून नाव घातलं. उमरावाचा मुलगा, हातात केंब्रिजची डिग्री, आणि अंगावर तेलाचे डाग! आपल्याकडे असं कुणी केलं, तर सगळे नातेवाईक समजूत घालायला घरी येतील.

पण त्या तेलकट वर्षांचा उपयोग झाला. १८८४ मध्ये तो गेट्सहेडच्या क्लार्क चॅपमन कंपनीत भागीदार झाला आणि त्याच वर्षी त्याने वाफेवर चालणारं टर्बाइन बनवलं. त्याआधी वाफेची ताकद पिस्टनमधून मिळायची, पुढे-मागे, पुढे-मागे. वाफ थेट पात्यांवर सोडून चाक फिरवायची कल्पना जुनीच होती. अडचण अशी की, वाफ एकदम सुटली की इतक्या वेगाने धावते की चाक टिकणारच नाही. पार्सन्सने काय केलं? कालव्याचं पाणी जसं एकाच मोठ्या धबधब्याऐवजी लहान-लहान टप्प्यांनी उतरवतात, तसा वाफेचा दाब त्याने पात्यांच्या एकामागून एक रांगांमधून थोडा-थोडा उतरवला. पहिलं मशीन जेमतेम ७.५ किलोवॅटचं होतं, पण मिनिटाला १८,००० फेरे घ्यायचं.

एवढ्या वेगात शाफ्टचं वजन केसभर जरी एका बाजूला असलं, तरी अख्खं मशीन थरथरतं. बेअरिंग आणखी घट्ट आवळावं, असं कुणालाही वाटेल. पार्सन्सने उलटं केलं. बारीक चकत्या एकावर एक ठेवून, मध्ये तेल देऊन, त्याने बेअरिंग थोडं सैल ठेवलं. म्हणजे शाफ्ट आपला मध्य स्वतः शोधेल आणि कंप तेलात विरेल. हे निव्वळ गणिताने सुचत नाही. त्यासाठी थरथरणाऱ्या मशीनवर हात ठेवावा लागतो.

पुढे फटका बसला. १८८९ मध्ये भागीदारांशी बिनसलं आणि तो बाहेर पडला. पण पेटंट राहिली जुन्या कंपनीकडे! स्वतःच्याच शोधाला हात लावायची सोय नाही. त्याने न्यूकॅसलच्या हीटन भागात नवा कारखाना काढला आणि वाफ वेगळ्या दिशेने नेणारं दुसरंच डिझाइन करून दिवस काढले. १८९४ मध्ये पेटंट परत मिळाली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मग त्याने टर्बाइनवर चालणारी बोट बनवली, टर्बिनिया. पहिल्या चाचण्यांत ती रडतखडत चालली. त्याने इंजिनला दोष देत न बसता पाण्याखाली काय होतंय ते शोधलं. पंखा फार वेगाने फिरला की पाण्यात पोकळ बुडबुडे तयार होतात आणि जोर वाया जातो. ते पाहायला त्याने चक्क काचेची खिडकी असलेली टाकी बनवली. नदीवरच्या मोटारीच्या इम्पेलरला खड्डे पडलेले पाहिले असतील, तर असलेच बुडबुडे फुटून धातू कसा खातात ते तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी तीन शाफ्ट आणि नऊ पंखे लावून, जून १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या आरमारी सोहळ्यात टर्बिनिया युद्धनौकांच्या रांगांमधून सुसाट गेली. तिला कुणी पकडू शकलं नाही.

सगळंच जमलं असं नाही. टर्बाइन उलटं चालवलं की ते हवा दाबेल, त्या हवेत इंधन जाळलं की पुन्हा टर्बाइन फिरेल, ही गॅस टर्बाइनची कल्पना त्याच्या १८८४ च्या पेटंटमध्येच होती. पण हवा दाबणारी त्याची यंत्रं कमी पडली. पात्यांवरून हवा कशी वाहते याचं शास्त्रच तेव्हा तयार नव्हतं. शेवटी त्याने तो नाद सोडला. विजेसाठी पहिलं गॅस टर्बाइन स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेल इथे बसलं, १९३९ मध्ये. पार्सन्स तेव्हा नव्हता.

घरातही तेच वेड होतं. मुलगी रेचल केंब्रिजमध्ये इंजिनिअरिंग शिकली आणि १९१९ मध्ये ब्रिटनच्या महिला इंजिनिअर संस्थेची पहिली अध्यक्ष झाली. आई कॅथरीनही त्या संस्थेच्या स्थापनेत होती. मुलगा मात्र १९१८ मध्ये महायुद्धात गेला. ११ फेब्रुवारी १९३१ ला जमैकाजवळ जहाजावरच पार्सन्सने डोळे मिटले.

आता आपल्या उरणला या. महानिर्मितीचं तिथलं केंद्र ६७२ मेगावॅटचं. १०८ मेगावॅटची चार गॅस टर्बाइन आणि त्यांच्या गरम धुराच्या वाफेवर चालणारी १२० मेगावॅटची दोन टर्बाइन. म्हणजे पार्सन्सची जमलेली आणि न जमलेली, दोन्ही स्वप्नं एकाच आवारात! अशा मशीनच्या पोटात हजार अंशांहून जास्त तापलेला वायू वाहतो. म्हणून ठरावीक तास चाललं की ते थांबवतात, बारीक कॅमेरा आत सोडून पाती तडकलीत का ते पाहतात, हवा दाबणारी पाती धुतात. आणि बेअरिंगचा कंप तर चालू असताना सतत मोजतात. कंप वाढला की समजायचं, आत काहीतरी बिघडतंय.

डिप्लोमा किंवा बीई झाल्यावर अप्रेंटिसशिपचा फॉर्म समोर आला आणि हे काम आपल्या लायकीचं नाही असं वाटलं, तर गढीतल्या त्या पोराला आठवा. कागदावरचं गणित त्याच्या बरोबरीच्या पुष्कळांना येत होतं. मशीन का थरथरतंय, हे त्याला वर्कशॉपमध्ये कळलं.