रमाबाईंची रुग्णसेवा

रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ साली आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी झाला. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. घरातील स्त्रियांचा रोष सोसून त्या पतीजवळ लिहावाचावयास शिकल्या.

१९०१ साली न्यायमूर्ती निवर्तले. रमाबाईंनी आपले दुःख गिळले व त्या दुःखितांच्या सेवेस लागल्या. पुण्यातील रुग्णालयांत जाऊन त्या रोग्यांना फळे-फुले देत, त्यांची विचारपूस करीत.

घरचे माणूस आजारी पडले, की स्त्रिया रात्र-रात्र जागत. परंतु परक्या रोग्याची शुश्रूषा करणे कुलीन स्त्रीला कमीपणाचे, अशी तेव्हा समजूत होती. रमाबाईंना ती मान्य नव्हती. मायेला शिक्षणाची जोड मिळाली, तर अनेक रोग्यांना दिलासा मिळेल आणि निराधार विधवांनाही मानाने जगता येईल, असे त्यांनी जाणले. १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन झाले. रमाबाईंच्या नेतृत्वाखाली या संस्थेने स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. लोकनिंदेला न जुमानता अनेक विधवा पुढे आल्या.

१९२४ साली रमाबाई कालवश झाल्या. तोवर, हलके मानलेले ते काम आदरास पात्र होऊ लागले होते.