पाण्याला वाचा देणारे फेसेंडन

गाणगापूरला भीमा-अमरजा संगमात बुडी घेणाऱ्या गोमंतकीय दत्तभक्ताला एक अनुभव येतो. डोके पाण्याखाली गेले की काठावरचा जयघोष विरतो. मात्र पाण्यातच कोणी दगडावर दगड आपटला, तर तो कानाशीच वाजल्यासारखा भासतो. हवेतला बहुतेक आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरूनच माघारी फिरतो. पाण्यात उपजलेला ध्वनी मात्र हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो. या साध्या गोष्टीचा उपयोग संदेशवहनासाठी करून दाखवला तो रेजिनाल्ड फेसेंडन यांनी.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात एका धर्मोपदेशकाच्या घरी ६ ऑक्टोबर १८६६ रोजी त्यांचा जन्म झाला. पदवी न घेताच ते एडिसनच्या प्रयोगशाळेत पोहोचले, पुढे प्राध्यापकही झाले. डिसेंबर १९०० मध्ये त्यांनी बिनतारी लहरींवरून माणसाचा आवाज सुमारे दीड किलोमीटर दूर धाडला. पण भांडवल पुरवणाऱ्या भागीदारांशी बिनसले आणि १९११ मध्ये त्यांना स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावे लागले.

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली. त्याच वर्षी फेसेंडन बोस्टनच्या सबमरीन सिग्नल कंपनीत सल्लागार म्हणून आले. ही कंपनी दीपनौकांखाली घंटा टांगून धुक्यातील जहाजांना सावध करीत असे. घंटा धोका सांगे. निरोप देणे तिला जमत नव्हते. रेडिओलहरी तर खाऱ्या पाण्यात लगेच विझतात. फेसेंडन यांनी विजेवर कंप पावणारा पोलादी पडदा तयार केला. तारयंत्राची कळ दाबली की मोर्सचे ठिपके आणि रेघा पाण्यात उमटत. त्याहून मोठी करामत म्हणजे तेच यंत्र ऐकूही शके. बुडालेल्या पाणबुड्यांना एकमेकींशी बोलण्याची सोय झाली. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' हे स्वयंचलित यान घडवले. अशा यानांना पाण्याखाली दुरून आज्ञा द्यायची, तर आजही ध्वनीचाच आधार घ्यावा लागतो.

२७ एप्रिल १९१४ रोजी न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात 'मायामी' या जहाजावरून त्यांनी हिमनगाच्या दिशेने ध्वनी सोडला. सुमारे तीन किलोमीटर जाऊन तितकेच अंतर परतायला त्याला चारेक सेकंद लागले. प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू आला. टायटॅनिकच्या प्रवाशांना मात्र दोन वर्षे उशीर झाला होता.

पुढे महायुद्धात ब्रिटिश पाणबुड्यांवर हे यंत्र बसले. जुन्या रेडिओ पेटंटांचा दावा मात्र १९२८ पर्यंत रेंगाळला, तेव्हा कुठे त्यांच्या हाती पैसा आला. बर्म्युडा बेटावर राहायला जाऊन त्यांनी उरलेली वर्षे घालवली. तेथेच २२ जुलै १९३२ रोजी त्यांचे निधन झाले.