इलियट जोस्लिन
इलियट प्रॉक्टर जोस्लिन (६ जून १८६९ - २८ जानेवारी १९६२) हे अमेरिकन वैद्यकतज्ज्ञ होते. केवळ मधुमेहाच्या उपचारास वाहून घेणारे ते अमेरिकेतील पहिले डॉक्टर मानले जातात. मधुमेही मुलाची रोजची तपासणी रुग्णालयात नव्हे तर घरी, आईवडिलांच्या हातून व्हावी, ही कल्पना त्यांनी प्रत्यक्षात आणली. बॉस्टन येथील जोस्लिन मधुमेह केंद्र त्यांच्या नावाने ओळखले जाते.

जन्म व शिक्षण
जोस्लिन यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑक्सफर्ड या लहान गावी झाला. (इंग्लंडमधील विद्यापीठाचे ऑक्सफर्ड ते हे नव्हे.) येल विद्यापीठातून १८९० मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांनी हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १८९५ मध्ये ते डॉक्टर झाले. विद्यार्थिदशेतच त्यांनी मधुमेहाच्या विकृतिशास्त्रावर निबंध लिहिला होता. १८९८ मध्ये रेजिनाल्ड फिट्झ यांच्यासह त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील १८२४ पासूनच्या नोंदी तपासल्या. पाऊणशे वर्षांत तेथे मधुमेहाचे अवघे १७२ रुग्ण नोंदले गेले होते.

नोंदवही
त्याच सुमारास जोस्लिन यांच्या आईला मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले. प्रत्येक मधुमेही रुग्णाची नोंद एका वहीत क्रमाने करण्याची त्यांची पद्धत होती. त्या वहीत आईचीही नोंद झाली. काटेकोर आहारावर आई अनेक वर्षे जगली, आणि शिस्तीने आयुष्य वाढते हा त्यांचा विश्वास बहुधा येथूनच दृढ झाला. वहीतील पहिल्या १,००० रुग्णांच्या आधारे १९१६ मध्ये त्यांचा मधुमेहोपचारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी, १९१८ मध्ये, त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनी मिळून वापरावी अशी पुस्तिका काढली. रुग्णाने स्वतःच्या रोगाविषयी वाचावे, मोजावे आणि लिहून ठेवावे, ही अपेक्षा त्या काळी नवी होती.

१९२१ मधील एका लेखात त्यांनी एका गावातील लागून असलेल्या तीन घरांची हकीकत मांडली. त्या घरांत एकामागून एक राहिलेल्या सात कुटुंबप्रमुखांपैकी सहा जण मधुमेहाने दगावले होते. हाच प्रकार एखाद्या संसर्गजन्य रोगाचा असता तर आरोग्य खात्याने केवढी धावपळ केली असती, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

इन्सुलिनपूर्व व इन्सुलिनोत्तर काळ
इन्सुलिनपूर्वी मधुमेह झालेले मूल साधारणतः एकदोन वर्षांतच दगावत असे. फ्रेडरिक ॲलन यांची उपासाची पद्धत जोस्लिन यांनी स्वीकारली होती. तिने काही महिने, क्वचित काही वर्षे मिळत; पण मुलाला उपाशी ठेवण्याचे काम आईवडिलांनाच करावे लागे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचण्यात आले, आणि त्याच वर्षी ७ ऑगस्ट रोजी जोस्लिन यांनी आपल्या रुग्णास पहिल्यांदा इन्सुलिन दिले.

मात्र औषध मिळाल्याने काम संपत नाही, हे त्यांनी ओळखले. मात्रा किती द्यायची, जेवण किती, खेळून आल्यावर काय करायचे, हे दिवसातून अनेकदा ठरवावे लागे. त्यासाठी त्यांनी परिचारिकांना शिक्षिका म्हणून तयार केले. त्यांतील काही जणी रुग्णांच्या घरी जाऊन कुटुंबाला अन्न तोलणे, सुई टोचणे आणि लघवी तपासणे शिकवत. १९२४ मध्ये डॉ. प्रिसिला व्हाइट त्यांच्याकडे रुजू झाल्या आणि मुलांचा विभाग त्यांनी सांभाळला. मधुमेही मुलींसाठी १९३२ मध्ये नॉर्थ ऑक्सफर्ड येथे क्लारा बार्टन यांच्या जन्मस्थानी उन्हाळी शिबिर सुरू झाले. मुलांसाठीचे शिबिर १९४८ मध्ये चार्लटन येथे निघाले.

घरगुती तपासणी तेव्हा बेनेडिक्टच्या द्रावणाने होई. लघवीचे काही थेंब घालून द्रावण उकळले की निळा रंग साखर नसल्याचे, तर हिरवा, पिवळा, नारिंगी व विटकरी हे रंग चढत्या प्रमाणात साखर असल्याचे दाखवीत. ही चाचणी काही तासांपूर्वीची स्थिती सांगे. रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरली तर ती काहीच सांगू शकत नसे. रात्री मूल झोपेत घामाघूम झाले तर आईला स्वतःच्या नजरेवरच अवलंबून राहावे लागे.

वाद
आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे तीन घोडे एकत्र हाकणारा सारथी, असे रुग्णाचे चित्र जोस्लिन रंगवीत. लघवीत साखर दिसूच नये, हा त्यांचा आग्रह होता. न्यूयॉर्कचे एडवर्ड टॉलस्टॉय आदी डॉक्टरांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते मूल वाढत असेल आणि त्याला त्रास नसेल तर थोडी साखर चालवून घ्यावी, वजनकाट्यापायी त्याचे बालपण हिरावू नये. जोस्लिन यांच्या उपदेशाला नैतिक शिस्तीची धार होती, आणि विटकरी रंग हा घरच्यांना स्वतःचा दोष वाटावा असा धोका तीत होता, हे नाकारता येत नाही.

या वादाचा निकाल त्यांच्या हयातीत लागला नाही. १९८३ ते १९९३ या काळात उत्तर अमेरिकेत १,४४१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत काटेकोर नियंत्रणाने दृष्टिपटलाचा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्याचबरोबर साखर तीव्रतेने घसरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. सहभागी १३ ते ३९ वयोगटातील होते, त्यामुळे लहान मुलांच्या पालकांचा प्रश्न तसाच राहिला.

उत्तरकाळ व प्रभाव
नव्वदीनंतरही जोस्लिन रुग्ण तपासत होते. २८ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

घरी रक्त तपासण्याची यंत्रे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वापरात आली. १९९९ पासून त्वचेखालील बारीक तारेने दर काही मिनिटांनी शर्करा मोजणारी सततची मापनयंत्रणा उपलब्ध होऊ लागली. पुढे तिचे आकडे पालकांच्या मोबाइलवर दिसू लागले आणि साखर घसरताच इशाराही मिळू लागला. अमेरिकेत ४ ते ९ वर्षांच्या १४६ मुलांवर झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या यंत्रणेने सरासरी शर्करा लक्षणीय सुधारली नाही, तरीही पालकांचे समाधान उच्च प्रतीचे आढळले. रात्रीची भीती कमी होणे हे अशा समाधानाचे एक कारण मानले जाते; वारंवार वाजणारे इशारे, चिकटपट्टीने होणारी त्वचेची आग आणि खर्च या तक्रारीही पालक करतात. जोस्लिन यांच्या वहीत यशाचे माप होते ते जगलेली वर्षे आणि साखरेचे प्रमाण. कुटुंबाच्या समाधानाचे स्वतंत्र मोजमाप त्यांच्यानंतर सुरू झाले.