परळमधल्या विल्सबाई

मंडळी, घरात लेकीला किंवा सूनबाईला दिवस गेले की डॉक्टर फॉलिक ॲसिडची गोळी लिहून देतात. या गोळीचं मूळ आपल्या परळला सापडतं, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

ल्यूसी विल्स यांचा जन्म १८८८ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, पण तेव्हा तिथे बायकांना पदवीच देत नसत! पुढे १९२० साली त्या लंडनला डॉक्टर झाल्या आणि १९२८ साली मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आल्या.

मुंबईत तेव्हा गरीब, कष्टकरी घरांतल्या गरोदर बायका पंडुरोगाने दगावत होत्या. विल्सबाईंनी आधी जंतू शोधले, मग त्यांचं जेवण तपासलं. तसाच निकस आहार उंदरांना आणि माकडांना देऊन पाहिला. आजारी माकड मार्माईटने, म्हणजे यीस्टच्या अर्काने, सुधारलं. मग तोच स्वस्त अर्क बायकांना दिला आणि त्यांचं रक्त भरून आलं. १९३१ साली हे प्रसिद्ध झालं. त्या अनोळखी घटकाला लोक ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ साली तो पालकातून वेगळा काढून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं आणि १९४५ साली अमेरिकेत यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या चमूने तो प्रयोगशाळेत बनवला.

हा घटक रक्ताइतकाच आतड्यालाही लागतो बरं का. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. त्या नव्या पेशी घडायला फॉलिक ॲसिड हवं, आणि जेवणातून ते शोषून घेतं तेच अस्तर! एकदा कमी पडलं की अस्तर झिजतं आणि मग आणखीच कमी पडतं. स्प्रू या आजारात हेच होतं. सुब्बारावांचे दोन भाऊ त्यानेच गेले होते. पुढे फॉलिक ॲसिड देऊन स्प्रूचे रोगी बरे होऊ लागले.

विल्सबाई १९६४ साली वारल्या. ही गोळी दिवस जाण्याआधीपासून घेतली तर बाळाच्या मेंदूतली आणि कण्यातली बरीच जन्मजात व्यंगं टळतात, हे १९९१ साली सिद्ध झालं. ते पाहायला त्या नव्हत्या.

तेव्हा शारजातल्या सूनबाईंनो, बाळाचा विचार मनात आला की लगेच डॉक्टरांना या गोळीबद्दल विचारा. आणि पालक-मेथी आणलीत तर फार वेळ उकळू नका, त्यातलं फॉलिक ॲसिड पाण्याबरोबर निघून जातं.