श्रीमंत शिवरामराजे भोसले व सावंतवाडीची गंजिफा

पत्त्यांचे नाव काढताच वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. परंतु ज्यात पानापानावर देवाचे स्मरण घडावे, असाही एक पत्त्यांचा खेळ आपल्या महाराष्ट्रात आहे. तो लोपण्याच्या बेतास आला असता ज्या राजाने त्यास जीवदान दिले, त्याचे चरित्र विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहो.

शिवरामराजे यांचा जन्म 1927 साली कोकणातील सावंतवाडीच्या भोसले राजघराण्यात झाला. 1937 साली वडील बापूसाहेब महाराज निवर्तले व वयाच्या दहाव्या वर्षीच गादी त्यांजकडे आली. 1948 साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्य गेले, तरी प्रजेचा लोभ गेला नाही. पुढे लोकांनी त्यांस विधानसभेवर निवडून दिले.

सावंतवाडीचे चितारी पूर्वापार गंजिफा रंगवीत. दशावतारी गंजिफेची पाने वाटोळी असून ती 120 असतात. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान व एक्क्यापासून दहिल्यापर्यंत दहा पाने. मत्स्याचे चिन्ह मासा, कूर्माचे कासव, परशुरामाचे परशू. तिघे खेळाडू चाळीस चाळीस पाने वाटून घेतात. ज्याच्या वास्तव्याने आपली पंचवटी पुनीत झाली असे मानतात, तो राम दिवसाच्या डावात अग्रेसर; दिवे लागले की तो मान कृष्णाचा.

जत्रेच्या रात्री हेच अवतार कोकणातील देवळांपुढे दशावतारी नटांच्या रूपाने उभे राहतात. लिहिलेले नाटक हाती नसता ते आयत्या वेळी भाषणे रचतात. एकच कथा कोणी पानांनी खेळतो, कोणी सोंगाने! अमेरिकेत सोंग घेऊन खेळावयाचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली व अद्भुत पत्त्यांचा ‘मॅजिक’ 1993 साली निघाला. 2018 साली पत्त्यांतील रावनिका नगरी त्या सोंगांच्या खेळात आणिली गेली. कोकणास असा मेळ फार पूर्वीपासून परिचित होता.

पुढे छापील बावन्न पानांचे जोड स्वस्त मिळू लागले व गंजिफेचे गिऱ्हाईक आटले. वृद्ध पुंडलिक चितारी यांच्या थकल्या हातांत ही विद्या कशीबशी तग धरून होती. त्यांजबरोबर ती जाणार, हे ओळखून शिवरामराजे व राणी सत्वशीलादेवी स्वतः त्यांचे शिष्य झाले. कारागिरापाशी बसून कुंचला धरण्यात राजास कमीपणा वाटला नाही. 1971 च्या सुमारास राजवाड्यातच कारखाना निघाला. जेथे दरबार भरे, तेथे तरुण कारागीर पाने रंगवू लागले.

1995 साली शिवरामराजे निवर्तले. राणीसाहेबांनी 2018 साली देह ठेवीपर्यंत ते व्रत चालविले.

आपले राज्य राखणे शिवरामराजांच्या हाती उरले नव्हते. दहा चित्रमय राजांचे राज्य मात्र त्यांनी राखले. मित्रहो, आपल्याही गावी एखादा वृद्ध एखादी विद्या एकटाच सांभाळीत असेल. तो आहे तोवर त्याच्यापाशी जाऊन बसावे, हाच या चरित्राचा बोध होय.