कर्नालची कल्पना

स्मरणिकेसाठी मुलांना वाचता येईल असं एखादं चरित्र लिहावं, असं ठरवलं तेव्हा मला पहिलं नाव आठवलं ते कल्पना चावलाचं. आपल्या सोसायटीतली आज शाळेत जाणारी सगळीच मुलं ती गेल्यानंतर जन्मलेली. त्यांना ती सामान्यज्ञानाच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरतीच ठाऊक असते : अंतराळात गेलेली भारतात जन्मलेली पहिली स्त्री. त्या ओळीमागचं थोडं सांगतो.

हरियाणातल्या कर्नालमध्ये १९६२ साली तिचा जन्म झाला. फाळणीनंतर पंजाबच्या पश्चिम भागातून आलेलं हे कुटुंब. वडिलांनी पडेल ते काम केलं आणि पुढे टायरच्या धंद्यात जम बसवला. चार भावंडांत ही धाकटी, घरात सगळे मोंटू म्हणायचे. कल्पना हे नाव तिनं शाळेत जाताना स्वतःच निवडलं. कर्नालला फ्लाइंग क्लब होता. त्याची छोटी विमानं डोक्यावरून जायची आणि ही बघत राहायची. जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल घेऊन विमान आणलं होतं. त्या कामगिरीचं आपल्याला लहानपणापासून अप्रूप होतं, असं तिनं पुढे मुलाखतीत सांगितलं. म्हणजे आपल्या जुहूच्या धावपट्टीचाही या गोष्टीत धागा आहे!

चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात तिनं एरोनॉटिकल शाखा मागितली. मुलीनं दुसरी एखादी शाखा घ्यावी, असं शिक्षकांनी सुचवून पाहिलं. ती हटली नाही. १९८२ मध्ये पदवी घेऊन ती अमेरिकेला गेली. टेक्सासमध्ये एम. एस. आणि कोलोरॅडोमध्ये १९८८ साली पीएच. डी. केली. नंतर नासाच्या एम्स केंद्रात काम मिळालं. जागच्या जागी सरळ वर उठणारं विमान जमिनीजवळ असताना त्याच्याभोवती हवा कशी वाहते, हे संगणकावर मांडायचं, हा तिचा विषय. फावल्या वेळात विमान, ग्लायडर चालवायची; नुसती चालवायची नाही, तर इतरांना शिकवण्याचा परवानाही तिनं काढला होता. डिसेंबर १९९४ मध्ये अंतराळवीर म्हणून निवड झाली.

१९ नोव्हेंबर १९९७ ला कोलंबिया यानातून पहिलं उड्डाण. पृथ्वीला २५२ प्रदक्षिणा झाल्या. पण याच मोहिमेत एक अवघड प्रसंग आला. यानाच्या यांत्रिक हातानं स्पार्टन नावाचा उपग्रह बाहेर सोडायचं काम तिच्याकडे होतं. उपग्रह नीट सुरू झाला नाही, आणि परत पकडताना गिरक्या घेऊ लागला. शेवटी दोन सहकाऱ्यांनी यानाबाहेर जाऊन तो हातानं पकडला. बोट अर्थातच तिच्याकडे दाखवलं गेलं. चौकशीत मात्र दिसलं की दोष सॉफ्टवेअरच्या मांडणीत आणि ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीत होता. नासानं तिला दुसऱ्या मोहिमेवर घेतलं, यातच सगळं आलं.

ती मोहीम बरेचदा लांबली आणि अखेर १६ जानेवारी २००३ ला निघाली. सात जणांनी दोन पाळ्यांत, अहोरात्र, सुमारे ८० प्रयोग केले. १ फेब्रुवारीला, आपल्याकडे शनिवारची संध्याकाळ होती, उतरायला अवघी १६ मिनिटं उरली असताना यान टेक्सासवर फुटलं. कर्नालच्या तिच्या शाळेत तेव्हा स्वागताच्या आनंदाची तयारी चालली होती.

कारण ऐकलं की मन विषण्ण होतं. उड्डाणानंतर ८२ सेकंदांच्या आसपास इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. परतताना त्या भोकातून तप्त वायू आत शिरला. आधीच्या उड्डाणांतही फोम पडायचा, काही बिघडायचं नाही, म्हणून तो नेहमीचाच समजला गेला. काही इंजिनिअरांनी पंखाची छायाचित्रं घ्या, असा आग्रह धरला. वरिष्ठांनी तो पुढे नेला नाही. चौकशी समितीनं फोमइतकाच दोष या वृत्तीला दिला. लिफ्टचा आवाज रोजचाच, म्हणून आपण दुर्लक्ष करतो ना, तसंच हे. फक्त किंमत सात जिवांची.

आपल्यासारखी संधी आपल्या शाळेतल्या मुलांना मिळावी, ही तिची धडपड होती. तिच्याच पुढाकारानं १९९८ पासून कर्नालच्या टागोर बालनिकेतनमधले दोन विद्यार्थी दरवर्षी ह्यूस्टनला अंतराळविज्ञान शिकायला जाऊ लागले. तिकडे ती त्यांना घरी बोलावून भारतीय जेवण करून घालायची. ती गेल्यावर भारताच्या हवामान उपग्रहाला कल्पना-१ नाव दिलं गेलं. पुढे कित्येक वर्षं आपल्या मान्सूनच्या ढगांची चित्रं त्यानं पाठवली.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या जिन्यातही शाखेची चर्चा रंगते. त्या वेळी एखादी मुलगी भलतंच काही मागू लागली, तर नको म्हणण्याआधी तिला का हवंय एवढं तरी विचारू या.